घरीच शिकणाऱ्या लेकरांसाठी बायबलचा अभ्यासक्रम कसा निवडावा: खेड्यातल्या आईवडिलांसाठी

नातेवाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आलेल्या पाहुण्यांनी वाटलेलं रंगीत पुस्तक, नाहीतर मोबाइलवर सापडलेला एखादा परदेशी कोर्स. खेड्यात बायबलचा अभ्यासक्रम बहुतेक घरांत असाच येतो. त्याची निवड अशी होतच नाही. पहिला धडा मोठ्या उत्साहाने होतो, निंदण सुरू झालं की आठवडे हुकायला लागतात, आणि सोयाबीन काढणीला येईस्तोवर फाइल आलमारीत गेलेली असते. मग आईला वाटतं, आपल्याच्याने हे होत नाही. दोष तिचा नसतो. तो अभ्यासक्रम तिच्या घरासाठी लिहिलेलाच नसतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात घरच्या लेकरांना शिकवते आणि रविवारी मंडळीतल्या मुलांची संडे स्कूल घेते. पुढचं सगळं पूर्ण वेळ घरी शिकणाऱ्या मुलांना धरून लिहिलं आहे. तुमची मुलं झेडपीच्या शाळेत जात असतील आणि संध्याकाळी घरी वचन शिकत असतील, तरी पायऱ्या याच आहेत, फक्त वेळ कमी धरा. माझ्या मते चांगला अभ्यासक्रम तोच, जो लेकरासमोर पवित्र शास्त्र उघडं ठेवतो आणि दिवसभर राबून आलेल्या आईवडिलांना शिकवता येतो. चित्रं, रंग, प्रमाणपत्र हे सगळं त्याच्या नंतर.

आधी शाळेचा कागद मिटवा

बायबलच्या निवडीआधी हे थोडक्यात, कारण अर्धवट माहितीवर पुष्कळ जण निर्णय घेतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण दिलं आहे. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे आईवडिलांचं कर्तव्य असल्याचं त्याच्या कलम १० मध्ये म्हटलं आहे. घरी शिकवण्यासाठी त्यात वेगळी तरतूद नाही. घरी शिकणारी मुलं पुढे बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी देतात. त्यासाठी वय किमान १४ लागतं. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, हा दुसरा मार्ग, पण त्याच्या अटी तालुक्याच्या ठिकाणी आधीच विचारून घ्या. मध्येच शाळेत घालायचं झालं, तर वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळण्याची सोय याच कायद्यात कलम ४ मध्ये आहे. जन्मदाखला आणि आधार नीट ठेवा.

दहावीला बायबलचा पेपर नसतो. म्हणून गणित आणि भाषेचा वेळ खाऊन बायबलचा तास करू नका. ज्या मुलाला नीट वाचता येत नाही, त्याला पवित्र शास्त्रही वाचता येणार नाही.

वहीचं पहिलं पान

कोणतंही पुस्तक बघण्याआधी एक साधी वही घ्या आणि पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा. शिकवणार कोण? त्याला कितपत वाचता येतं, आणि कोणत्या भाषेत? आठवड्यात खरोखर किती वेळ मिळतो? वर्षाअखेरीस लेकराला काय आलेलं असावं?

पहिल्या तीन प्रश्नांना खरं उत्तर द्या. मनातलं, चांगलं दिसेल असं उत्तर लिहून उपयोग नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळी डबा करून वावरात जाते आणि अंधार पडता परतते. त्या घरात रोज पाऊण तासाचा धडा होणार नाही. पण आठवड्यातून दोनदा पंचवीस मिनिटं होऊ शकतात, आणि वर्षभर टिकली तर ती पुष्कळ आहेत. शिकवणारी आजी असेल आणि तिला वाचता येत नसेल, तरी अडत नाही. मग अभ्यासक्रम ऐकण्यावर चालणारा हवा, एवढंच तिथे लिहून ठेवा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर जितकं नेमकं, तितकी निवड सोपी. 'बायबल माहीत व्हावं' यातून काही ठरत नाही. 'यंदा थोरलीने मार्कचं शुभवर्तमान स्वतः वाचावं आणि धाकट्याने येशूच्या गोष्टी क्रमाने सांगाव्या' असं लिहिलं की दुकानातली निम्मी पुस्तकं आपोआप बाजूला पडतात.

भाषांतर ठरवा, मग पुस्तक

बरेच जण हे उलटं करतात. अभ्यासक्रमात पाठांतराची वचनं एका भाषांतराची, घरात बायबल दुसरं, आणि मंडळीत वाचन तिसऱ्यातून. मुलाने पाठ केलेलं वचन त्याला रविवारी ओळखूच येत नाही.

बहुतेक मंडळ्यांत बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं जुन्या वळणाचं 'पवित्र शास्त्र' वाचतात. त्याची भाषा भारदस्त आहे, पाठांतराला गोड आहे, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वाक्यं लांब पडतात. सोप्या मराठीतली भाषांतरंही मिळतात. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या लोकांसाठी केलेलं संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये छापलं गेलं. म्हणजे साध्या बायांना, लेकरांना कळेल अशा मराठीत वचन असावं ही तळमळ आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. २०१९ चं मराठी इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन मुक्त परवान्याखाली आहे. आपले धडे तयार करून छापायचे असतील तर ते सोयीचं पडतं.

माझा सल्ला असा: समजण्यासाठी सोपं भाषांतर वाचा आणि पाठांतर मात्र मंडळीत जे वाचतात त्यातूनच करा. दोन्हींची अदलाबदल करू नका.

मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी, आमच्या बाजूला काही घरांत कोलामी. अशा घरात वाचन मराठीतून होऊ द्या, पण गोष्ट परत सांगताना लेकराला घरच्या बोलीत सांगू द्या. आपल्या बोलीत सांगता आली म्हणजे गोष्ट समजली. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरालाही हेच लागू. उत्तर प्रमाण मराठीतच आलं पाहिजे असा हट्ट असेल, तर मूल गप्प बसतं.

अभ्यासक्रमांचे प्रकार

बाजारात आणि मोबाइलवर जे सापडतं ते साधारण चार प्रकारचं असतं.

पहिला प्रकार क्रमवार कथेचा. उत्पत्तीपासून सुरू करून अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे, येशू आणि मंडळीपर्यंत एक सलग धागा. सहा ते बारा वयासाठी मी हाच आधी सुचवीन. ज्या मुलाने दानीएल, योना आणि जक्कय यांच्या गोष्टी सुट्या-सुट्या ऐकल्या आहेत, त्याला विचारा, दावीद आधी की मोशे? बहुतेकांना सांगता येत नाही. क्रम कळला की संपूर्ण बायबल एक गोष्ट म्हणून दिसायला लागतं.

दुसरा प्रकार एकेक पुस्तक धरून शिकण्याचा. दहा-अकरा वर्षांपुढे हा फार चांगला. मार्कची १६ अध्यायांची गोष्ट वेगवान आहे, मोठ्याने सलग वाचली तर साधारण दीड तासात होते. नव्या करारात एकूण २६० अध्याय आहेत, म्हणजे आठवड्याला पाच या हिशेबाने बरोबर ५२ आठवडे. हा हिशेब मोठ्या मुलांच्या कामाचा. लहानांना तो लावू नका.

तिसरा प्रकार गुणांचा: प्रामाणिकपणा, धैर्य, आज्ञाधारकपणा, आणि प्रत्येकाला एक गोष्ट. दिसायला हा सगळ्यांत आकर्षक आणि शिकवायला सोपा. मुख्य अभ्यासक्रम म्हणून मात्र मी तो घेणार नाही. प्रत्येक गोष्टीचा शेवट 'म्हणून आपणही असंच वागावं' असा झाला, तर मूल दावीद आणि गल्याथाच्या गोष्टीतून फक्त धीट व्हायला शिकतं. तो अध्याय स्वतः वाचा, १ शमुवेल १७. सिंह आणि अस्वल मारल्याचं दावीद सांगतो, पण त्यांच्यापासून परमेश्वरानेच सोडवलं, असंही म्हणतो. गल्याथासमोरही, हे युद्ध परमेश्वराचं आहे, असं तो म्हणतो. चांगला अभ्यासक्रम आधी विचारतो, या गोष्टीत देव कसा दिसतो? आपण काय करावं, हा प्रश्न त्याच्या मागून येतो.

चौथा प्रकार प्रश्नोत्तरीचा, म्हणजे कॅटेकिझम. कॅथोलिक घरांत पहिल्या कम्युनियनच्या तयारीसाठी धर्मग्रामातून, म्हणजे पॅरिशमधून, हे शिक्षण मिळतंच, आणि घरचा अभ्यास त्याला जोडून ठेवावा. प्रोटेस्टंट घरांतही थोडी प्रश्नोत्तरं उपयोगी पडतात, आठवड्याला एक, तोंडी. पण नुसती प्रश्नोत्तरं कोरडी पडतात. ती कथेसोबतच शिकवा.

तीन ठिकाणी उघडून बघा

अभ्यासक्रम हातात आला की पहिला धडा वाचू नका. पहिला धडा सगळेच छान लिहितात. खालच्या तीन ठिकाणी उघडा.

एक, उत्पत्ती २२. अब्राहाम इसहाकाला अर्पण करायला निघतो ती गोष्ट. मूल इथे घाबरतं, आणि घाबरणारच. अभ्यासक्रम हा धडा गाळतो का? गाळला असेल तर लहान वयासाठी ते चालेल, पण दहा वर्षांपुढच्या पुस्तकात तो असायला हवा. असला तर शिकवणाऱ्याला काही आधार दिला आहे का? 'अब्राहामाने आज्ञा पाळली, आपणही पाळू' एवढ्यावर धडा संपत असेल, तर लेकराच्या मनातला खरा प्रश्न तसाच राहतो. देवाने मुलाला वाचवलं, मेंढा स्वतः पुरवला, याच्यावर धडा थांबतो का ते बघा.

दोन, मार्क ४, पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा: पेरणाऱ्याचं बी वाटेवर, खडकाळ जागी, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडतं. आमच्या वर्गात एका मुलाने हा दाखला ऐकून लगेच विचारलं, 'त्यानं बी वाटंवर काहून फेकलं? त्याले पेरता येत नोयतं का?' प्रश्न अगदी रास्त होता. आपल्याकडे तिफणीने, ट्रॅक्टरने ओळीत पेरतात. बियाण्याच्या बॅगचा भाव घरातल्या लहानालाही माहीत असतो, आणि पाऊस दगा देऊन गेला की दुबार पेरणी म्हणजे काय, हेही त्याने पाहिलेलं असतं. येशूच्या काळी त्या देशात बी हाताने फेकून पेरत. शेतातून पायवाटा जात आणि पुष्कळ ठिकाणी मातीच्या पातळ थराखाली खडक असे. एवढं सांगितलं की मुलाचा पेरणारा मूर्ख राहत नाही आणि दाखला उघडतो. मग त्याला वावरात न्या. पांदणीची तुडवलेली माती, धुऱ्याजवळचा मुरूम, काटेरी झुडपांची कड आणि मधली काळी जमीन, चारही ठिकाणं एकाच वावरात दाखवता येतात. अभ्यासक्रमात या दाखल्याबरोबर कागदी कुंडीत बी लावायचा उपक्रम असेल तर तो सोडून द्या. आपल्याकडे त्याहून चांगलं साधन दाराशी आहे.

तीन, २ राजे ४, विधवेच्या तेलाची गोष्ट. नवरा वारलेला, कर्ज डोक्यावर, आणि सावकार दोन्ही पोरांना गुलाम करून न्यायला आलेला. विदर्भातल्या लेकरासाठी ही दूरची गोष्ट नाही. वर्गात बसलेल्या एखाद्याच्या घरी, नाहीतर शेजारी, असं घडून गेलेलं असू शकतं. म्हणून हा धडा मी सगळ्यांत बारकाईने तपासते. 'विश्वास ठेवला की कर्ज फिटतं, पीक येतं, आजार जातो' असं शिकवणारं पुस्तक घरात आणू नका. ज्या मुलाच्या बापाने प्रार्थना केली आणि तरी वावर गेलं, त्याला असं पुस्तक सांगतं की तुझ्या बापाचा विश्वास कमी पडला. हे खोटं आहे, आणि लेकराच्या मनावर ते दगडासारखं बसतं. चांगला धडा दाखवतो की देवाच्या माणसाने, अलीशा संदेष्ट्याने, त्या बाईचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं, तुझ्या घरात काय आहे असं विचारलं, शेजाऱ्यांकडून भांडी मागून आणायला लावली, आणि घरातल्या थोड्याशा तेलाने ती सगळी भरली. देव विधवेच्या बाजूने उभा राहतो हे त्यातून कळतं. कर्जमाफीचा मंत्र त्यात नाही.

या तिन्ही ठिकाणी पुस्तक टिकलं तर पुढे जा.

शिकवण कोणाची आहे ते बघा

प्रत्येक अभ्यासक्रम कोणत्या ना कोणत्या मंडळीच्या शिकवणीतून येतो, मग मुखपृष्ठावर तसं लिहिलेलं असो वा नसो. कॅथोलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पवित्र आत्म्याची दानं, शेवटचा काळ, या ठिकाणी फरक दिसतात. आपल्याकडे गावोगावी वेगवेगळ्या मिशनांचं काम झालं. वऱ्हाडात अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, नागपुरात स्कॉटिश मिशन. त्यामुळे शेजारच्या दोन गावांतल्या मंडळ्यांची रीत सारखी नसते. वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच झाली. त्या एकीकरणात बालबाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी बाप्तिस्मा देणारे, दोन्ही परंपरांचे लोक आले, आणि तिथे दोन्ही रीती मान्य आहेत. म्हणजे मतभेद असूनही एकत्र राहता येतं. पण आठ वर्षांच्या मुलाला घरात एक आणि मंडळीत दुसरंच ऐकवलं तर त्याचा गोंधळ होतो.

म्हणून बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांचे धडे झेरॉक्स करून पाळकसाहेबांना किंवा फादरांना दाखवा. पूर्ण पुस्तक वाचायला त्यांना वेळ नसतो, चार पानं ते आनंदाने वाचतात.

आणखी एक गोष्ट इथेच बघून घ्या, दुसऱ्या धर्मांविषयी पुस्तक काय भाषा वापरतं. आपलं लेकरू पोळ्याला बैल बघायला जातं, त्याचे मित्र बौद्ध विहारात जातात, शेजारची आजी देवळात जाते. आपला विश्वास स्पष्ट शिकवा, पण शेजाऱ्यांची हेटाळणी शिकवणारी वाक्यं खोडून टाका. आणि शेजारचं मूल तुमच्या धड्याला येऊन बसत असेल, तर त्याच्या आईवडिलांना आधी विचारा. ते नको म्हणाले, तर नाही.

परदेशी अभ्यासक्रम घ्यायचा का?

घरी शिकवण्यासाठी म्हणून खास लिहिलेलं बहुतेक साहित्य अमेरिकेतलं आहे. तिथे १९९३ पासून सगळ्या ५० राज्यांत घरी शिकवायला कायद्याने मुभा आहे, त्यामुळे त्यांच्याकडे या साहित्याचा मोठा बाजार आहे. त्यातलं काही खरोखर उत्तम आहे, विशेषतः नकाशे, काळरेषा आणि शिक्षकासाठीच्या टिपा. पण ते इंग्रजीत असतं, आठवड्याचे पाच दिवस धरून आखलेलं असतं, आणि उदाहरणं बर्फाची, बेसबॉलची.

आईवडिलांपैकी एकाला इंग्रजी सहज वाचता येत असेल, तर शिक्षकाचं पुस्तक तेवढं वापरा. मुलाच्या हातातली वही मात्र मराठीच हवी. मोबाइलवर आपोआप भाषांतर करून मुलासमोर ठेवू नका. बायबलमधली नावं त्यात हमखास बिघडतात, आणि मुलाला बायबल उघडल्यावर तो माणूस सापडतच नाही. झेरॉक्स काढण्याआधी परवाना वाचा. बऱ्याच पीडीएफ एका कुटुंबापुरत्या असतात, संडे स्कूलमध्ये वाटता येत नाहीत.

वयाचा हिशेब

सहा वर्षांखाली अभ्यासक्रम विकत घेऊच नका. रात्री एक गोष्ट, एक भजन, झोपताना प्रार्थना, एवढं पुरे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून मराठी मंडळीत भजन-कीर्तनाची मोठी परंपरा आहे. चालीवर म्हटलेलं वचन लेकरू वर्षानुवर्षं विसरत नाही. आजीला जी भजनं येतात ती आधी घ्या.

सहा ते नऊ वयात ऐकणं, चित्र काढणं, परत सांगणं. लिहायला फार लावू नका. नऊ ते बारा हे सगळ्यांत भुकेलं वय: नकाशा, क्रम, पाठांतर, स्वतः वाचन, सगळं या वयात चालतं. स्तोत्र २३ आणि दहा आज्ञा याच काळात पाठ व्हाव्यात. तेराच्या पुढे मुलं उलट विचारतात, आणि त्यांना तसं विचारू द्यायला हवं. काना गावच्या लग्नात येशूने द्राक्षारस का केला, हा प्रश्न १९७४ पासून दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यात आणि १९९३ पासून बंदी असलेल्या गडचिरोलीत जरा जास्तच टोकदार होतो. त्या मुलाला गप्प करणारा अभ्यासक्रम नको. 'चला, योहान २ परत वाचू' म्हणणारा हवा.

दोन-तीन वयांची मुलं एकत्र असतील, तर प्रत्येकाला वेगळं पुस्तक घेऊ नका. गोष्ट सगळ्यांना एकच सांगा आणि काम वेगवेगळं द्या. धाकटा चित्र काढेल, मधली गोष्ट सांगेल, थोरला तो अध्याय वाचून दोन प्रश्न लिहील.

पैसा, छपाई, मोबाइल

पुस्तकाची किंमत दिसते, छपाईची दिसत नाही. ३६ धडे, प्रत्येकी ४ पानं, म्हणजे एका मुलामागे १४४ पानं. दोन रुपये पान धरलं तर २८८ रुपये, आणि रंगीत प्रिंट दहा रुपयांची धरली तर १,४४०. दोन मुलं असतील तर दुप्पट. म्हणून काळ्या-पांढऱ्यात नीट दिसतो का, आणि मुलाची कार्यपत्रिका साध्या वहीत करता येते का, हे विकत घेण्याआधीच बघा. खेड्यातल्या घराला १०० पानी वही आणि एक बायबल यावर चालणारा अभ्यासक्रम सगळ्यांत योग्य.

व्हिडिओवर आधारलेले कोर्स गावात नेटवर्कवर अडतात, आणि मोबाइल एकच असतो, तोही बापासोबत वावरात. ऐकण्याचं बायबल मात्र जरूर घ्या. मराठी ऑडिओ बायबल मोफत ॲपमध्ये मिळतं. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर डाउनलोड करून आणा, मग लाइट गेली तरी ऐकता येतं. ज्या घरात कोणालाच सराईत वाचता येत नाही, तिथे निम्मा धडा यावरच उभा राहतो.

वर्ष शेताच्या हिशेबाने आखा

पुस्तकात ५२ धडे असले तरी तुम्ही ३० धरा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, आणि तोच काळ पेरणीचा. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण, डवरणी. ऑक्टोबरात सोयाबीन, तिथून पुढे कापूस वेचणी, मग तूर. या महिन्यांत नवीन धडे कमी ठेवा. जुन्या गोष्टी परत सांगणं, भजन, पाठांतर, एवढंच. जानेवारी ते एप्रिल हा खरा अभ्यासाचा काळ. मे महिन्यात दुपारी टिनाच्या घरात कोणी शिकत नाही. त्या दिवसांत पहाटेचा अर्धा तास घ्या, आणि जिथे मोह किंवा तेंदूपत्त्याचं काम असतं तिथे तोही सोडा.

शक्य तिथे गोष्ट हंगामाला जोडा. पेरणाऱ्याचा दाखला जूनमध्ये. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, मत्तय २०, सोयाबीनच्या मजुरीच्या दिवसांत, जेव्हा घरात मजुरीच्या दराचीच चर्चा चालू असते. लूकचे पहिले दोन अध्याय नाताळाआधी. मार्कचे शेवटचे सहा अध्याय गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यांत. असं करताना पुस्तकाचा क्रम मोडला तरी चालेल, फक्त वहीत काळरेषा काढून ती गोष्ट कुठे बसते ते दाखवा.

विकत घेण्याआधी दोन धडे शिकवून बघा

नमुन्याचे धडे बहुतेक जण देतात, नाहीतर मंडळीतल्या कोणाकडून पुस्तक आठवडाभर मागून आणा. एक धडा आईने घ्यावा, एक बापाने. धड्याच्या तयारीला वीस मिनिटांहून जास्त लागली, तर तो अभ्यासक्रम तुमच्या घरात टिकणार नाही. मुलाने धड्यात बायबल उघडलं का, की नुसतं कार्यपत्रिकेवर रिकाम्या जागा भरल्या, हे बघा. दुसऱ्या दिवशी कशाचीच आठवण करून न देता त्याला म्हणा, 'कालची गोष्ट आजीला सांग.' तो जे सांगेल त्यावरून निवड करा. त्याला चित्र रंगवलेलं आठवत असेल आणि गोष्ट आठवत नसेल, तर ते पुस्तक परत द्या.

काहीच जुळलं नाही तर

मग विकत घेऊ नका. एक पुस्तक, एक वही आणि चार आठवडे, एवढ्यात स्वतःचा अभ्यासक्रम उभा राहतो. सुरुवातीला रूथ घ्या. चारच अध्याय आहेत आणि हरभरा-गव्हाच्या काढणीच्या दिवसांत तो अगदी जिवंत होतो.

पहिल्या आठवड्यात अध्याय १. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून एक कुटुंब मवाब देशात जगायला गेलं. अंगणात काडीने मृत समुद्र काढा, एका बाजूला बेथलेहेम, पलीकडे मवाब. तिथे घरातले तिन्ही पुरुष वारले. नामी परत निघाली आणि सून रूथ तिच्याबरोबर आली. विचारा, नामीने देवाबद्दल जी कडू वाक्यं बोलली, ती बायबलने लपवली का? लपवली नाहीत, हे लेकरांना कळू द्या.

दुसऱ्या आठवड्यात अध्याय २ आणि सोबत लेवीय १९:९-१०. कापणी झाल्यावर शेताच्या कडा आणि खाली पडलेलं गोरगरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावं, असं नियमशास्त्र सांगतं. लेकरांना काढणी झालेल्या वावरात न्या आणि थोडा वेळ सरवा वेचायला लावा. कंबर दुखली की रूथ कळते. तिने संध्याकाळपर्यंत वेचून, झोडून जवळजवळ एक एफा जव जमवले, म्हणजे अंदाजे वीस लिटर मापाचे, तेलाचा मोठा डबा भरून वर उरतील इतके. मग प्रश्न: हे दाणे शेताचा मालक बवाज याचे की रूथचे?

तिसऱ्या आठवड्यात अध्याय ३. खळ्यावरची ती रात्र लहानांना थोडक्यात सांगा. कुळातल्या जवळच्या आप्ताने विधवेला आणि तिच्या वतनाला सांभाळावं अशी रीत होती, आणि रूथने बवाजाला तेच मागितलं. चौथ्या आठवड्यात अध्याय ४. गावाच्या वेशीवर पंच बसतात, पायातला जोडा काढून देऊन व्यवहार पक्का होतो. ग्रामसभा पाहिलेल्या मुलांना हे लगेच समजतं. शेवटी रूथचा मुलगा ओबेद, नातू इशाय, पणतू दावीद. मग मत्तय १:५ उघडा आणि परदेशातून आलेल्या त्या सुनेचं नाव येशूच्या वंशावळीत मुलांनाच शोधू द्या.

प्रत्येक वेळी क्रम एकच: वाचा, मुलाला सांगू द्या, एक प्रश्न विचारा, एक वचन म्हणा, प्रार्थना करा. रूथनंतर मार्क, मार्कनंतर उत्पत्तीचे पहिले पंचवीस अध्याय. वर्ष निघतं.

वर्षात मध्येच बदलायचं झालं तर

बदला, पण पाठांतराची वचनं आणि वही तीच ठेवा. नवीन पुस्तक पहिल्या धड्यापासून सुरू करायची गरज नाही. काळरेषेवर जिथे थांबलात तिथला धडा शोधा आणि तिथूनच पुढे चला. जुनं पुस्तक फेकू नका. त्यातले नकाशे कापून वहीत चिकटवा आणि उरलेलं मंडळीतल्या दुसऱ्या घराला द्या, सोबत तुम्ही कोणते धडे गाळले आणि का, याची चिठ्ठी ठेवून. पुढच्या वर्षाची निवड एप्रिलमध्येच करून टाका. पुस्तक मागवायला आणि झेरॉक्स काढायला मे महिना मिळतो. पेरणी लागली की ते काम मागेच पडतं.